शेती, अन्न, जीवशास्त्रातलं पहिलं संशोधनाचं काम: बेळगाव भागातल्या मुलांनी कुठून सुरुवात करावी?

रानजाई
नमस्कार. मी खानापूर तालुक्यातली, घरची शेती भात आणि काजूची. शिक्षण बेळगावात झालं, यंदा जैवतंत्रज्ञानात एम.एस्सी. पूर्ण केली. पुढे संशोधनातच राहायचं हे पक्कं आहे, पण दार कुठलं धरायचं ते कळेना. जाहिराती बघायला बसलं की जेआरएफ, प्रोजेक्ट असोसिएट, यंग प्रोफेशनल, फील्ड असिस्टंट अशी नावं. प्रत्येकाचा पगार वेगळा, अटी वेगळ्या. पुण्याकडच्या एका संस्थेत यंग प्रोफेशनल-टू ची मुलाखत आहे. धारवाडला एका प्रकल्पात जागा निघालीय, पण पैसे कमी. तिसरा रस्ता म्हणजे घरी बसून नेट या पात्रता परीक्षेचा अभ्यास. वर्गातल्या बऱ्याच जणांनी औषध कंपन्यांत अर्ज टाकलेत. आमच्या गावात संशोधन करणारं कुणी नाही, विचारायचं कुणाला म्हणून इथं लिहिते.

हिडकल
रानजाई, आधी नावांचा गुंता सोडवू.

जेआरएफ म्हणजे ज्युनियर रिसर्च फेलोशिप, ती दोन प्रकारची असते. सीएसआयआर-यूजीसी नेट किंवा जैवतंत्रज्ञान विभागाची, म्हणजे डीबीटीची बेट अशी परीक्षा काढून मिळालेली फेलोशिप तुझ्या नावावर असते. मान्यता असलेल्या प्रयोगशाळेत ती घेऊन जाता येते. दुसरी एखाद्या शास्त्रज्ञाच्या मंजूर प्रकल्पातली. ती प्रकल्पाबरोबर सुरू होते आणि प्रकल्पाबरोबर संपते. जाहिरातीत ‘को-टर्मिनस’ लिहितात ते यासाठीच. १ जानेवारी २०२३ पासून जेआरएफला महिना ३७,००० रुपये आणि दोन वर्षांनंतर मूल्यमापन होऊन एसआरएफला, म्हणजे सीनियर रिसर्च फेलोला ४२,०००, वर घरभाडं. पीएच.डी. नंतरच्या रिसर्च असोसिएटला ५८,००० पासून पुढे. घरभाड्याच्या हिशेबात पुणे-बेंगळुरू एक्स या जास्त दराच्या वर्गात आणि बेळगाव, हुबळी-धारवाड त्याखालच्या वाय वर्गात येतात.

प्रोजेक्ट असोसिएटमध्ये नेट किंवा गेट परीक्षा काढलेल्याला एक दर, नसलेल्याला त्याहून कमी. एकाच बाकावर काम करणाऱ्या दोघांचे पैसे वेगळे असतात ते त्यामुळे. यंग प्रोफेशनल हे भारतीय कृषी संशोधन परिषदेच्या, म्हणजे आयसीएआरच्या संस्थांतलं पद. वाय.पी.-टू ला अलीकडच्या जाहिरातींत एकत्रित ४२,००० दिसतात, घरभाडं वेगळं नाही. आकडा मोठा वाटतो, पण ते कंत्राट आहे, फेलोशिप नव्हे. त्या पदावर असताना पीएच.डी.ला नोंदणी करू देतात का, ते मुलाखतीआधी विचार.

शहापूर_पेठ
माझा मुलगा बी.एस्सी. कृषीच्या शेवटच्या वर्षाला आहे. वाचून काळजीच वाटली. सगळं कंत्राटीच आहे का? आम्ही मागावर पोट भरणारी माणसं. मुलाला पंचवीस-सव्वीस वर्षं शिकवून परत ‘प्रकल्प संपला’ ऐकायचं, हे घरात सांगायचं कसं?

हिडकल
काका, काळजी बरोबर आहे. कायम जागा आहेत, पण त्यांची वाट लांब. कृषी शास्त्रज्ञ निवड मंडळ, एएसआरबी, यांची एआरएस, म्हणजे कृषी संशोधन सेवेची परीक्षा आहे. पूर्वपरीक्षा, मुख्य परीक्षा, मुलाखत. निवड झाली की आयसीएआरच्या संस्थेत शास्त्रज्ञ म्हणून थेट लेव्हल १० या वेतनश्रेणीवर रुजू. तेच मंडळ कृषी विषयांची वेगळी नेटही घेतं. राज्याच्या कृषी विद्यापीठात सहायक प्राध्यापक व्हायचं तर ती उपयोगी. कृषी विज्ञान केंद्रांत विषयतज्ज्ञांच्या जागा असतात. आपल्या जिल्ह्यात मत्तीकोप्प आणि तुक्कानट्टी अशी दोन केंद्रं आहेत. मुलगा कृषी पदवीधर असल्यामुळे त्याला हे सगळे दरवाजे उघडे आहेत. एम.एस्सी.ला आयसीएआरच्या अखिल भारतीय परीक्षेतून जाऊ दे. वरच्या क्रमांकाला महिना १२,६४० ची पीजी शिष्यवृत्ती आहे. ती नाही मिळाली आणि राज्याबाहेर प्रवेश झाला, तर नॅशनल टॅलेंट स्कॉलरशिप आहे. तुमचा रहिवास कर्नाटकचा, म्हणजे राहुरी किंवा कोल्हापूरचं कृषी महाविद्यालय त्याच्यासाठी राज्याबाहेरचं धरलं जातं. आपल्या माणसांत राहून बाहेरची शिष्यवृत्ती, हा सीमाभागाला मिळणारा फायदा फार कुणाला ठाऊक नसतो.

प्रयोगवही
मी पीएच.डी. करून आता पोस्टडॉक करतेय, मूळची हुक्केरी तालुक्यातली. रानजाई, तू तीन पर्याय पगाराच्या क्रमानं लावलेस असं वाटलं. पहिल्या कामाच्या वेळी तो क्रम लावू नकोस.

पहिल्या जागेवर तुझ्या हाताला जी कामं लागतात, त्यांवर पुढची पाच-सात वर्षं ठरतात. ४२,००० मिळवून दिवसभर एक्सेलमध्ये आकडे भरणारी आणि बैठकांचे अहवाल टाइप करणारी मुलं मी पाहिली आहेत. दोन वर्षांनी पीएच.डी.च्या मुलाखतीत ‘तुम्ही स्वतः कुठला प्रयोग उभा केला’ असं विचारलं की ती गप्प होतात. उलट कमी पैशात एखाद्या केंद्रावर राहून पेरणीपासून काढणीपर्यंत ट्रायल सांभाळलेली, रँडमाइज्ड ब्लॉक (चिठ्ठ्या टाकल्यासारखी वाटून केलेली वाफ्यांची मांडणी) का घालतात हे शेतात उभं राहून शिकलेली मुलगी कुठल्याही पॅनेलसमोर बोलू शकते.

म्हणून मुलाखतीत तूही विचार. प्रकल्पाला किती काळ उरलाय? शेवटच्या वर्षाच्या प्रकल्पात शिरलीस तर नोंदी दुसऱ्याच्या आणि निष्कर्षही दुसऱ्याचे. आधीच्या मुलांच्या नावावर पेपर आलेत का? हे विचारायचीही गरज नाही. शास्त्रज्ञाचं नाव गुगल स्कॉलरवर टाक आणि पहिलं नाव कुणाचं आहे ते बघ. आधी तिथं होती ती मुलं आता कुठं आहेत? त्यांच्यातल्या एकीला फोन कर. स्टायपेंड दर महिन्याला येतो का, हेही तिच्याकडूनच कळेल. पैसे चार-पाच महिने अडकणं ही सर्रास गोष्ट आहे. माझ्या पहिल्या जागी तसं झालं होतं. खोलीभाडं घरून मागवावं लागलं. सरकारी आदेशात ३७,००० लिहिलंय म्हणजे ते दर महिन्याला हातात पडतात असं नाही. जायच्या आधी तीन महिन्यांचा खर्च बाजूला ठेव.

आणि घरी बसून नेटचा अभ्यास करू नकोस. काम करत अभ्यास कर. सीएसआयआर नेटच्या लाइफ सायन्सेसच्या पेपरात भाग ‘क’ प्रयोगावर विचार करायला लावतो, आणि तो विचार प्रयोगशाळेत रोज होतो.

निपाणीकर
प्रयोगवही म्हणतात त्यात भर घालतो. आमच्या निपाणीत धारवाड कृषी विद्यापीठाचं संशोधन केंद्र आहे, तंबाखूवरचं. संकेश्वरला उसावरचं. महामार्गावरून आपण रोज जातो-येतो, पण आपल्यातली किती मुलं आत गेलीत? सगळ्यांची नजर पुण्यावर.

सोयाबीनचं बघा. तांबेरा आला की आपल्या भागात पानं आठवड्यात पिवळी पडून झडतात. जे.एस. ३३५ हे वाण सगळीकडे पेरलेलं आणि ते तांबेऱ्याला बळी पडणारं. ही बुरशी फक्त जिवंत पानावर जगते आणि तिचे बीजाणू वाऱ्यावर लांब जातात. मग धारवाडनं डी.एस.बी. २१ आणलं, तिकडे राहुरीच्या विद्यापीठाच्या कसबे डिग्रज केंद्रानं फुले संगम, म्हणजे के.डी.एस. ७२६ आणलं. दोन विद्यापीठं, दोन राज्यं, रोग एकच, आणि कृष्णेचं खोरंही एकच. चिकोडीचा शेतकरी दोन्ही वाणं पेरतो, कारण बियाणं आणायला तो कोल्हापूरलाही जातो आणि धारवाडलाही. कुठलं वाण कुठं टिकतं याच्या नोंदी दोन्ही बाजूंच्या गावांत फिरून कोण ठेवणार? ज्याला शिरोळच्या शेतकऱ्याशी मराठीत आणि अथणीच्या शेतकऱ्याशी कन्नडमध्ये बोलता येतं, तोच. हे काम आपल्या मुलांइतकं चांगलं कुणालाच जमणार नाही असं मला मनापासून वाटतं.

रानजाई
निपाणीकर, तिथंच माझं अडतंय. शाळा मराठी माध्यमाची. कन्नड विषय होता, बसमध्ये-बाजारात बोलते, पण लिहायला वाचायला कच्चं. धारवाडला गेलं तर निभेल का? आणि मी कृषी पदवीधर नाही, एआरएसचा दरवाजा मला बंदच का?

धारवाडी_माळ
मी खानापूरचाच, धारवाडला कृषी विद्यापीठात पीएच.डी. करालोय. ये की गं, कशाला घाबरतीस!

कन्नडचं खरं सांगतो. थिसिस इंग्रजीत, सेमिनार इंग्रजीत, एआरएस आणि नेटलाही कन्नड लागत नाही. कन्नड लागतं ते शेतावर. मजूर बायका, फार्म सुपरिटेंडंट, गावातले शेतकरी सगळे धारवाडी कन्नडमध्ये बोलतात. तू बसमध्ये बोलतीस तेवढं पहिल्या हंगामाला पुरतं. कृषी खात्याची अधिकारी पदं किंवा इथल्याच विद्यापीठातली कायमची जागा असं पुढं मनात असेल तर मात्र वाचायला-लिहायला आलंच पाहिजे. राज्याच्या भरतीत कन्नड भाषेची परीक्षा उत्तीर्ण व्हावी लागते. आपली मुलं गुणवत्तेत कमी नसतात, तिथं अडतात. मी शेतकऱ्यांच्या घडीपत्रिका वाचत वाचत शिकलो. विषय ओळखीचा असला की लिपी लवकर बसते.

एआरएसचं म्हणशील तर विषयाप्रमाणे आहे. कृषी जैवतंत्रज्ञानासारख्या विषयात जैवतंत्रज्ञानाची एम.एस्सी. चालते. कृषिविद्या किंवा उद्यानविद्या हवी असेल तर त्याच विषयाची पदवी लागते. अधिसूचनेत प्रत्येक विषयापुढं पात्रता छापलेली असते, ती ओळ न् ओळ वाच.

आणि इथं फक्त आमचं विद्यापीठ नाही. उद्यानविद्येसाठी बागलकोटचं विद्यापीठ आहे, त्याचं एक महाविद्यालय आपल्याच जिल्ह्यात अरभावीला. बेळगावात आयसीएमआरची, म्हणजे वैद्यकीय संशोधन परिषदेची पारंपरिक वैद्यक संस्था आहे. सह्याद्रीतल्या औषधी वनस्पतींवर तिथं काम चालतं. तू खानापूरच्या रानातली. झाड बघून नाव सांगणारी मुलगी अशा ठिकाणी किती कामाची आहे, ते बेंगळुरूहून आलेल्यांना विचार.

उसाचा_पेरा
साखरेकडं कुणी वळलंच नाही, म्हणून लिहितो. बेळगावात एस. निजलिंगप्पा साखर संस्था आहे. जिल्ह्यात इतके कारखाने, आता इथेनॉल. रसायनशास्त्र, सूक्ष्मजीवशास्त्र शिकलेल्यांना आंबवण, मळी, स्पेंटवॉश (इथेनॉल काढल्यावर उरणारं सांडपाणी), प्रेसमड (रस गाळून उरणारा गाळ) अशा विषयांत भरपूर काम आहे. पलीकडं पुण्याजवळ मांजरीला वसंतदादा साखर संस्था. ऊस को ८६०३२ या वाणावर किती वर्षं टेकून राहणार हा प्रश्न तर दोन्ही बाजूंचा.

कुंदा_करदंट
अन्नशास्त्राबद्दल मी बोलते, मी म्हैसूरला सीएफटीआरआय या केंद्रीय अन्न तंत्रज्ञान संस्थेत शिकलेली. १९५० पासूनची संस्था आहे ही, आणि कर्नाटकात असूनही बेळगावची मुलं तिथं फार दिसत नाहीत. सैन्याच्या जेवणावर संशोधन करणारी डीएफआरएल ही प्रयोगशाळा पण म्हैसूरचीच, आता तिचं नाव बदललंय.

आपल्याकडं विषय ताटात वाढून ठेवलेत. कुंदा या आपल्या बेळगावी मिठाईला रंग आणि चव येते ती खव्यातली दुधाची प्रथिनं आणि साखर तापून एकमेकांशी क्रिया करतात त्यातून. तो टिकतो किती, त्यातलं मोकळं पाणी किती, डब्यात हवा बदलून भरला तर काय होतं, हे सगळं मोजण्यासारखं आहे. दुसरं गुळाचं. गूळ पिवळाधमक दिसावा म्हणून गंधकाची रसायनं घालतात. रानभेंडीच्या रसानं मळी काढायची जुनी रीत आपल्या गुऱ्हाळांवर होतीच. त्या रीतीनं केलेल्या गुळाचा रंग, टिकाऊपणा, उरलेला गंधक यांची नीट मोजमापं घेऊन एखादी मुलगी उभी राहिली, तर गुऱ्हाळवाला आणि गिऱ्हाईक दोघांचं भलं होईल. मला हे कुणीतरी करावं असं फार वाटतं. पहिलं काम शोधणाऱ्यांनी अन्नतपासणीच्या, एनएबीएल ही राष्ट्रीय मान्यता असलेल्या प्रयोगशाळाही बघाव्यात. तिथं एचपीएलसी, जीसी ही नमुन्यातले घटक वेगळे करून मोजणारी यंत्रं स्वतःच्या हातानं चालवायला मिळतात आणि पुढं पीएच.डी.ला तो अनुभव मोजला जातो.

उत्तरेचा_वारा
परदेशाबद्दल थोडं. मी नेदरलँड्सला आहे, मूळ गाव गोकाककडचं. इथं पीएच.डी. करणारा विद्यार्थी नसून नोकरदार असतो. वाखनिंगन विद्यापीठासारख्या ठिकाणी साधारण चार वर्षांचा करार, आधी १८ महिने, काम समाधानकारक असेल तर पुढचे ३० महिने. पगार, सुट्ट्या, निवृत्तिवेतन सगळं. युरोपातल्या मेरी क्युरी डॉक्टरल नेटवर्कना राष्ट्रीयत्वाची अट नाही. अट एवढीच की ज्या देशात जायचं तिथं आधीच्या ३६ महिन्यांत १२ महिन्यांहून जास्त राहिलेलं नसावं. भारतातून पहिल्यांदा अर्ज करणारे या अटीत आपोआप बसतात. युरॅक्सेस या संकेतस्थळावर जागा रोज येतात. पण इथल्या निवड समित्या तेच विचारतात जे प्रयोगवहींनी लिहिलं: स्वतः काय केलंस? दोन हंगाम शेतावर काढून एक पेपर लिहिलेल्यांचे अर्ज वर येतात.

घटप्रभा
सगळे उत्साहानं लिहिताहेत, म्हणून एक गोष्ट ठासून सांगते. जवळचं केंद्र, आपल्या मातीचा प्रश्न हे सगळं मलाही पटतं. पण मुलीसाठी ‘जवळ’ म्हणजे बऱ्याचदा ‘घरातून ये-जा कर’ असं होतं. सकाळी घरातली कामं, दुपारी शेतावर, संध्याकाळी शेवटची बस. फुलोऱ्यातलं परागीकरण सकाळी लवकर करावं लागतं, जनुकांचं काम रात्री अकरापर्यंत चालतं. ते काम मग दुसऱ्याकडं जातं आणि त्याबरोबर पेपरावरचं नावही. धारवाड बेळगावहून साधारण ऐंशी किलोमीटर, खानापूरच्या आतल्या गावातूनही रोजच्या ये-जा साठी लांबच. रानजाई, धारवाड निवडलंस तर हॉस्टेलला राहा. घरच्यांना पहिल्या दिवशीच सांग.

मधे लग्न-मूल यांमुळे खंड पडला तरी परतीच्या वाटा आहेत: विज्ञान-तंत्रज्ञान विभागाच्या वाइज योजनेतल्या फेलोशिप, जैवतंत्रज्ञान विभागाची बायोकेअर. माझ्या ओळखीच्या बायका त्यातून परत प्रयोगशाळेत आल्या. घरात ‘आता काय उपयोग’ म्हणणाऱ्यांना ही नावं सांगत जा.

शहापूर_पेठ
सगळं वाचलं, मुलालाही वाचायला दिलं. तो संकेश्वरच्या केंद्रावर जाऊन भेटून येतो म्हणतोय. दाखल्याचं एक विचारायचं होतं. आमच्याकडं नाडकचेरीतून काढलेला राज्याचा जातीचा दाखला आहे, तो आयसीएआरला चालतो का?

हिडकल
काका, राज्याच्या प्रवर्गाचा दाखला केंद्राच्या भरतीला चालत नाही. जात केंद्राच्या यादीत आहे का ते आधी बघा, असेल तर केंद्राच्या नमुन्यात वेगळा दाखला काढा. नसेल आणि उत्पन्न-मालमत्तेच्या अटीत बसत असाल तर आर्थिक दुर्बल घटकाचा, म्हणजे ईडब्ल्यूएसचा. दोन्हींना तारखेची मुदत असते. जाहिरात आल्यावर धावाधाव नको, आत्ताच अर्ज द्या. आणि महाराष्ट्रातल्या प्रवेशांसाठी सीमाभागातल्या मराठी मातृभाषेच्या उमेदवारांना वेगळी तरतूद असते, तिचे दाखले वेगळ्या नमुन्यात लागतात. प्रवेशाच्या माहितीपुस्तकात तो नमुना दिलेला असतो. महाराष्ट्राच्या संशोधन फेलोशिपना मात्र अधिवासाची अट असते, ती वाचल्याशिवाय त्यांवर विसंबू नका.

रानजाई
सगळ्यांचे आभार. दोन दिवस घरात बोलणं झालं. धारवाडच्या जागेसाठी अर्ज करतेय, हॉस्टेलला राहायचं ठरलं, आईनंच बाजू घेतली. पुण्याची मुलाखतही देते, अनुभव म्हणून. डिसेंबरच्या नेटचा फॉर्म भरणार.

धारवाडच्या शास्त्रज्ञांना आधी मेल पाठवावा म्हणते. मसुदा असा: “आदरणीय महोदय, मी जैवतंत्रज्ञानात एम.एस्सी. पूर्ण केली असून मला संशोधनाची अत्यंत आवड आहे. आपल्या मार्गदर्शनाखाली काम करण्याची संधी मिळाल्यास मी आभारी राहीन. आमच्या भागात बेळगाव बासमतीची जुनी वाणं अजून काही शेतकऱ्यांकडे आहेत, तसंच रताळ्यावर भुंग्याचा त्रास असतो. सोबत बायोडेटा जोडला आहे.” इंग्रजीत करून पाठवते. काही सुचवाल का?

प्रयोगवही
पहिली दोन वाक्यं काढून टाक, ती प्रत्येक मेलमध्ये असतात. सुरुवात बासमतीपासून कर. कुठल्या गावांत, साधारण किती घरांत अजून पेरतात, बियाणं कोण राखतं, वास टिकलाय की कमी झालाय, तुला जेवढं खरंच माहीत आहे तेवढं लिही. त्यानंतर त्यांचा एखादा पेपर वाचून त्यातल्या एका गोष्टीबद्दल प्रश्न विचार. तू स्वतः केलेल्या दोन-तीन तंत्रांची नावं दे: डीएनए काढणं, पीसीआर, जे केलंस तेच. शेतकऱ्यांच्या वाणांची नोंदणी २००१ च्या वाण संरक्षण कायद्याखाली होऊ शकते, तो धागा त्यांच्या प्रकल्पाला जुळत असेल तर एका ओळीत लिही. रताळ्याचा भुंगा या मेलमध्ये नको, तो वेगळ्या प्रयोगशाळेचा विषय. तिरुवनंतपुरमची कंदपिकांची केंद्रीय संस्था त्यावर काम करते, त्यांना स्वतंत्र लिही.

विषयाच्या ओळीत जाहिरातीचा क्रमांक टाक. बायोडेटा दोन पानांत, पीडीएफमध्ये. आठवड्यात उत्तर नाही आलं तर एकदा आठवण कर, शक्य असेल तर जाऊनच भेट. भात लावणीच्या दिवसांत ती मंडळी सकाळी शेतावर असतात, दुपारनंतर जा.

धारवाडी_माळ
यायच्या आदल्या दिवशी इथं निरोप टाक. मुख्य गेटपासून भाताच्या प्लॉटपर्यंत मी घेऊन जातो, आणि हॉस्टेलच्या वॉर्डनबाईंनाही भेटून घेऊ.